राजाची पंच लिस्ट

मी यादी केल्याशिवाय भाजी आणायलाही जात नाही. वीस-बावीस वर्षं रिफायनरीच्या दुरुस्तीकामांचं नियोजन केल्यावर माणूस असा होतो. इथे सौदीत, रास तनुऱ्यात, एखाद्या युनिटची दुरुस्ती संपत आली की शेवटच्या आठवड्यात आम्ही हातात पॅड घेऊन सगळीकडे फिरतो आणि काय काय राहिलंय ते लिहितो. सैल बोल्ट, रंग न दिलेला पाइप, उलटा बसवलेला व्हॉल्व्ह. या यादीला पंच लिस्ट म्हणतात. तिच्यात दोन वर्ग असतात. ‘ए’ म्हणजे हे झाल्याशिवाय युनिट सुरू करायचं नाही. ‘बी’ म्हणजे सुरू झाल्यावर केलं तरी चालेल. घरीही माझी अशीच यादी असते. इकाम्याचं, म्हणजे इथल्या निवास परवान्याचं, नूतनीकरण ए, बाल्कनीतली फाटलेली जाळी बी.

मुलगी अकरावीत गेली त्या वर्षी घरच्या यादीत ए वर्गात एकच नोंद होती. अमेरिकेचा इतिहास.

तो आमच्याकडे कसा आला ते सांगतो. मुलीला आर्ट्स घ्यायचं होतं. तिच्या भारतीय शाळेत अकरावीला सायन्स आणि कॉमर्स एवढंच होतं. आर्ट्सला चार मुलीही जमल्या नाहीत म्हणून वर्गच काढला नाही. मग बसने पाऊण तास लांबच्या, अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत तिला घातलं. बायकोची एक अट होती आणि ती मलाही पटली होती. सक्तीच्या एकाही विषयात नापास झाली तर उगाच ओढाताण करायची नाही. नाशिकला माझ्या भावाकडे पाठवायचं आणि अकरावी पुन्हा तिथे करायची. सक्तीच्या विषयांत अमेरिकेचा इतिहास होता. पुस्तक हजार पानांचं, वजनाला पाइप जोडायच्या लोखंडी फ्लँजइतकं. आमच्या मुलीला अफजलखानाचा कोथळा माहीत होता आणि मिठाचा सत्याग्रह माहीत होता. मधला अटलांटिक महासागर कोरा होता.

पहिल्या महिन्यात तिने मला साइटवर फोन केला. ती शाळेच्या बसमध्ये होती, दुसऱ्या तासाला तोंडी परीक्षा होती. “बाबा, बॉस्टन टी पार्टी म्हणजे काय, पटकन सांगा ना.” माझ्यासमोर क्रेन उभी होती आणि क्रेनवाला परमिटची वाट बघत होता. मी पुस्तक उघडलेलंही नव्हतं. पण टी पार्टी म्हणजे चहापान, आणि चहापान आपल्याला नवीन नाही. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात आणि विरोधक बहिष्कार टाकतात, हे मी लहानपणापासून दरवर्षी पेपरात वाचत आलो आहे. मी तेच सांगितलं. तिथल्या गव्हर्नरने चहापान ठेवलं, लोक कर वाढवल्याने चिडलेले होते, म्हणून विरोधी पक्षाने चहापानावर बहिष्कार टाकला. “वेगळं निवेदन दिलं असेल,” असंही जोडलं. फोन ठेवला आणि क्रेनला परमिट दिलं. परमिट देण्याआधी मी अकरा गोष्टी तपासल्या होत्या.

मुलीने वर्गात उभं राहून हे सगळं सांगितलं. बहिष्कार सांगितला, विरोधी पक्षनेता सांगितला, निवेदनही सांगितलं. इतिहासाच्या मिस मूळच्या जॉर्डनच्या, अमेरिकेत शिकलेल्या. त्यांनी तिला शांतपणे खाली बसवलं, पण वर्ग हसून लोटपोट झाला होता.

त्या वर्गात पुणेकरांची मुलगी होती.

पुणेकर म्हणजे आमच्याच रिफायनरीतले इन्स्पेक्शन इंजिनिअर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हीच त्यांची नोकरी. ते मला नाशिककर म्हणायचे, मी त्यांना पुणेकर. इथल्या दहा-बारा मराठी घरांचा रिवाज आहे की महिन्यातल्या एका शुक्रवारी प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा आणि एकत्र जेवायचं. त्या शुक्रवारी आम्ही मसालेभात नेला होता. मी भांडं खाली ठेवायच्या आत पुणेकर उभे राहिले आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, “मंडळी, नाशिककर आले आहेत. चहापानावर कोणी बहिष्कार टाकू नका.” मग त्यांनी पूर्ण गोष्ट सांगितली, माझ्या मुलीच्या आवाजाची नक्कल करून. मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. हातात कोशिंबिरीचा डबा होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि बायकोकडून गाडीची चावी घेऊन खाली गेली. आम्ही जेवून येईपर्यंत ती गाडीत बसून होती.

त्या दिवसापासून तिने मला अभ्यासातलं काही विचारलं नाही. मी विचारलं तर, “इट्स ओके बाबा, आय विल मॅनेज.” पहिल्या चाचणीत तिला शंभरातले एकतीस मिळाले. पासाला साठ लागत होते. बायकोने नाशिकला जावेला फोन करून कॉलेजांची चौकशी केली. ते मला दुसऱ्या खोलीतून ऐकू आलं.

आणि मी चहापान झालो. पुणेकरांनी ते साइटवर नेलं. आमच्या रेडिओच्या चॅनेलवर चाळीस माणसं ऐकत असतात, त्यांतले मराठी तीन. “चहापान, चहापान, हीटरजवळ या.” आठवड्याभरात मल्याळी फोरमनही तसंच बोलवायला लागले. त्यांना वाटलं तो माझा कॉल साइन आहे. एक पठाण रिगर होता, क्रेनला ओझी बांधणारा, जुना माणूस, मला फार मान द्यायचा. तो एकदा चहाचा कप पुढे करून म्हणाला, “साब, आपका खानदानी नाम बहुत अच्छा है. चाय भी है, पान भी है.” त्याच्यावर रागावता येईना. तो राग मी पुणेकरांच्या खात्यात घातला.

मी पुस्तकाची दुसरी प्रत मिळवली. सकाळी कामावर नेणाऱ्या बसमध्ये पंचवीस मिनिटं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत वीस, परतताना पंचवीस. एक जाड रजिस्टर घेतलं आणि रकाने आखले. घटना. कोण चिडलं. कशावरून. काय केलं. पुढे काय झालं. इतिहासाची इतकी सोपी मांडणी दुसरी नाही, हे मी अनुभवाने सांगतो. कोण चिडलं आणि कशावरून एवढं कळलं की तारखा आपोआप जागेवर बसतात.

बॉस्टनचं चहापान मी तीन वेळा वाचलं. तिथे कोणी कोणाला चहाला बोलावलंच नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा कर लावून लोकांच्या गळ्यात मारत होते, म्हणून बॉस्टनच्या माणसांनी बंदरातल्या जहाजांवर चढून पेट्या फोडल्या आणि चहा पाण्यात टाकला. ओळख लपवायला त्यांनी मोहॉक लोकांचा वेश घेतला होता. मोहॉक म्हणजे तिथले मूळ रहिवासी, ज्यांना तेव्हाचे लोक इंडियन म्हणत. तोंडाला काजळी, हातात कुऱ्हाडी. मी समासात लिहिलं: बहिष्कारापेक्षा हे बरं.

पुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला आणि मी बसमध्ये सरळ होऊन बसलो. सुरुवातीची भारदस्त वाक्यं सगळ्यांना माहीत असतात. मधला भाग कोणी वाचत नाही. मधला भाग ही चक्क पंच लिस्ट आहे. इंग्लंडच्या राजाने काय काय केलं, एकाखाली एक, जवळजवळ प्रत्येक ओळ ‘त्याने’ या शब्दाने सुरू होते. त्याने हे कायदे मंजूर केले नाहीत. त्याने सभा लांब गैरसोयीच्या जागी भरवल्या. त्याने न्यायाधीश आपल्या मुठीत ठेवले. आवाज चढवलेला नाही, शिव्या नाहीत, नुसत्या नोंदी. त्या लोकांनी यादी करून एक राजा काढून टाकला. मी त्यातल्या नोंदी रजिस्टरमध्ये उतरवल्या आणि त्यांना पेन्सिलने ए आणि बी देऊन पाहिलं. गैरसोयीच्या जागी सभा, बी. लोकांना न विचारता कर, ए.

रजिस्टरच्या मागच्या पानावर मी माझी यादी सुरू केली. त्याच पद्धतीने.

त्याने माझ्या मुलीच्या आवाजाची नक्कल केली. ए.

त्याने ती तिच्यासमोर केली. ए.

त्याने माझं नाव चाळीस माणसांच्या रेडिओवर बदललं. बी.

त्याने माझ्या बायकोला विचारलं की वहिनी, चहा करताय की चहापान. बी.

त्याने तीन महिन्यांत एकदाही मुलगी कशी आहे विचारलं नाही. ए.

यादी फेब्रुवारीपर्यंत सतरावर गेली. रजिस्टर मी बैठकीतल्या कपाटात ठेवायचो, शब्दकोशाच्या मागे. तिकडे कोणी फिरकत नाही असा माझा समज होता. दरम्यान मुलीचे गुण वाढत होते. एकतीसचे अठ्ठेचाळीस झाले, मग सत्तावन्न. मला वाटलं मिस चांगलं शिकवतात.

वर्षाच्या शेवटी त्या शाळेत एक संध्याकाळ असते. प्रत्येक मुलाने इतिहासातला एक विषय मांडायचा, पालकांनी बघायला यायचं. त्याला वीस गुण होते. आमच्या हिशेबाने मुलीला पास व्हायला त्या वीसांतले निदान बारा हवे होते. विषय कोणता घेतलास विचारलं तर म्हणाली, “तिकडे कळेल.”

त्या आधीच्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर पुणेकरांनी सोफ्यावर मला शेजारी बसवलं आणि फोन काढला. त्यांच्या मुलीने बॉस्टन टी पार्टी घेतली होती. “तुमच्या पाठिंब्याने,” ते म्हणाले, आणि हसले. पोस्टर त्यांनी स्वतः बनवलं होतं. आमच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये पाइपिंगचे मोठे नकाशे छापायचं मशीन आहे, त्यावर ते दरवाजाएवढं छापणार होते. त्यांनी चित्र बोटांनी मोठं करून दाखवलं. बंदर, जहाज, आणि जहाजावर फेटे बांधलेली, धोतर नेसलेली, मिशांची माणसं चहाच्या पेट्या समुद्रात फेकत होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे हिंदुस्थानी खलाशी.

“बघा नाशिककर,” ते म्हणाले, “पुस्तकात नुसतं ‘इंडियन्स’ म्हणून उडवून लावलंय. कंपनी आपली, चहा आपला, माणसं आपली. अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा आपल्या लोकांनी सुरू केला. शोधून काढावं लागतं.”

मला पाच सेकंद लागले. तो चहा आपला नव्हता, चीनचा होता. जहाजं कंपनीची नव्हती. आणि माणसं आपली नव्हती. फेटा बांधून तर तिथे कोणीच नव्हतं. पुस्तकाच्या त्याच पानावर मोहॉक हा शब्द दोनदा आहे. त्यांनी पान वाचलं होतं आणि ‘इंडियन्स’ दिसताच त्यांचं ऊर भरून आलं होतं. मला ते समजत होतं. आमच्यातल्या कोणालाही तसं झालं असतं. सतरा नोंदी नसत्या तर मी तिथेच सांगितलंही असतं.

मी फोन हातात घेतला, चित्र नीट पाहिलं आणि परत दिला.

“छान आहे,” मी म्हणालो. “लॅमिनेट करून घ्या. टिकेल.”

त्यांनी केलं.

शाळेच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी तीसेक पोस्टर होती. लॅमिनेट केलेलं एकच, दिव्यांखाली चमकत होतं. पुणेकर त्याच्या शेजारी उभे होते. हातातल्या फोनवर व्हिडिओ सुरू होता. मी समोरच्या रांगेत जागा धरली होती. कबूल करतो, मी पाऊण तास आधी गेलो होतो.

त्यांच्या मुलीने पाठ केलेलं छान म्हटलं. मिसनी सगळं ऐकून घेतलं, फेट्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कोण? मुलगी म्हणाली, इंडियन्स, मिस. मिस म्हणाल्या, हो, पण कुठले? मुलीने वडिलांकडे पाहिलं. पुणेकरांनी पुढे होऊन सांगायला सुरुवात केली की, मॅडम, ईस्ट इंडिया कंपनी. मिसनी त्यांचंही ऐकून घेतलं. मग पुस्तक उघडून ते पान त्यांच्यासमोर धरलं. पुणेकरांनी वाचलं. वर्गातली मुलं मागे हसायला लागली होती. इन्स्पेक्शनच्या माणसाचा चेहरा रिजेक्ट झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि मला बरं वाटलं. हे मी कमी करून लिहिणार नाही. आठ महिन्यांनी घास गोड लागावा तसं बरं वाटलं.

त्यांची मुलगी पोस्टरची कड धरून उभी राहिली. रडली नाही, पण हनुवटी हलत होती. तिचं नाव माझ्या यादीत नव्हतं. सतरांपैकी एकाही नोंदीत नव्हतं. ते तिथेच माझ्या लक्षात आलं आणि मी दुसरीकडे पाहिलं.

दुसरीकडे माझी मुलगी होती. तिचा नंबर आला होता. तिच्याकडे पोस्टर नव्हतं, एक पॅड होतं, आमच्या साइटवर असतं तसलं. तिने सांगितलं की तिचे वडील रिफायनरीत काम करतात आणि काम संपताना ते एक यादी करतात. मग तिने इंग्लंडच्या राजाची पंच लिस्ट वाचायला घेतली. प्रत्येक नोंदीला ए किंवा बी. गैरसोयीच्या जागी सभा, बी. न विचारता कर, ए. माझ्या पेन्सिलीतले वर्ग, जवळजवळ जसेच्या तसे. फक्त एका ठिकाणी तिने माझ्या बीचा ए केला होता आणि का केला तेही सांगितलं. तिचं बरोबर होतं.

मिसनी तिला वीसांतले एकोणीस दिले.

घरी येताना बायको मागे बसली होती, मुलगी माझ्या शेजारी. मग मी विचारलं की रजिस्टर कधी सापडलं. म्हणाली, नोव्हेंबरमध्ये. मी कामावर गेलो की ती त्यातूनच अभ्यास करायची आणि शब्दकोशाच्या मागे परत ठेवायची. मिस बरं शिकवतात, म्हणाली, पण रकाने नाहीत करत.

“मागची पानं?” मी विचारलं.

“सेव्हन्टीन,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बाबा, ती फेटेवाली माणसं चूक आहेत हे तुम्हाला माहीत होतं ना?”

“हो.”

“मलाही. तिने मला बसमध्ये दाखवलं होतं. मी म्हटलं, मस्त आहे.”

मागून बायको म्हणाली, “धन्य आहात दोघं.” पण तिच्या आवाजात हसू होतं, आणि नाशिकच्या कॉलेजांचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी साइटवर मी रेडिओ उचलला. शब्द मी बसमध्येच ठरवले होते. “फेटेवाले, फेटेवाले, हीटरजवळ या.” चॅनेलवर खरखर झाली. चाळीस माणसं ऐकत होती. संध्याकाळपर्यंत पठाणाने मला विचारलं की हे नवीन साहेब कोण आले आहेत. मी म्हणालो, जुनेच आहेत. पुणेकरांचं उत्तर मात्र रेडिओवर सकाळीच आलं होतं.

“आलो, चहापान,” ते म्हणाले.

मुलगी एकाहत्तर गुणांनी पास झाली. अंतिम परीक्षेच्या आधी आम्ही दोघं तीन आठवडे एकाच टेबलावर बसलो, ती पुस्तक घेऊन, मी रजिस्टर घेऊन. बारावीला अमेरिकेची राज्यव्यवस्था हा विषय आहे, त्याचेही रकाने मी रजिस्टरमध्ये आखले आहेत. परवा तिने बसमधून फोन केला आणि सिनेटबद्दल काहीतरी विचारलं. समोर क्रेन होती. मी म्हणालो, थांब, आधी वाचतो, मग सांगतो. ती हसली आणि थांबली.

पुणेकरांची मुलगी थोडक्यात वाचली, पण तिला उन्हाळ्यात एक जास्तीची परीक्षा द्यावी लागली. आता बारावीलाही ती त्याच वर्गात आहे. गेल्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर पुणेकर माझ्याजवळ येऊन बसले. या वेळी फोन काढला नाही. म्हणाले, “नाशिककर, ऐकतोय की तुमच्याकडे एक रजिस्टर आहे. पोरीला जरा उपयोग झाला असता.”

एवढं बोलायला त्यांना किती लागलं असेल ते मला कळत होतं. मी म्हणालो, बघतो, ऑफिसातलं झेरॉक्स मशीन दुरुस्तीला गेलंय. मशीन ठीक होतं. त्यांच्या ऑफिसच्या दारासमोरच आहे.

घरी आल्यावर मी यादीत नोंद केली. रजिस्टरची प्रत, पुढची पानं फक्त. आणि पुढे वर्ग लिहिला, बी. बी म्हणजे सुरू झाल्यावर केलं तरी चालतं. किती दिवसांनी, ते कुठेच लिहिलेलं नसतं.